सात नंबरची दुर्बीण

मित्रांनो, वहिनींच्या घरात एक लोखंडी कपाट आहे. त्याच्या सगळ्यात वरच्या फळीवर, शिवणाच्या डब्यामागे, एक काळी पेटी आहे. कडा झिजलेल्या, खटका तुटलेला, वरून दोरी गुंडाळलेली. त्या पेटीत मी असते. मी दुर्बीण. माझ्या उजव्या नळीवर पांढऱ्या रंगानं सात हा आकडा काढलेला आहे, म्हणून जंगलाच्या गेटावर सगळे मला सात नंबर म्हणत.

मी काही भरल्या गळ्यानं बोलणार नाही. मला गळा नाही. एका बाजूनं उजेड येतो, दुसऱ्या बाजूनं जातो, मधे काही उरत नाही, असाच माझा जन्म आहे. तरी एवढ्या वर्षांत काही गोष्टी उरल्या. त्या जशा घडल्या तशा सांगते.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. पांढरी टोपी घातलेल्या एका बाईनं माझी भिंगं बसवली. रबरी फुग्यानं फुंकर मारून तिनं आतली धूळ उडवली, मधली चकती फिरवून बघितली आणि मला खिडकीशी नेलं. लांब एक विटांची चिमणी होती. तिच्यावर एक कावळा बसला होता. बाई म्हणाली, "नख्यासुद्धा दिसताहेत," आणि मला पुढच्या माणसाकडे सरकवलं. माझं पहिलं कौतुक ते. त्यानंतर मी सात महिने अंधाऱ्या खोक्यात होते.

खोकं उघडलं ते जंगल खात्याच्या कचेरीत. आम्ही दहा जणी होतो. एका कारकुनानं ब्रश घेऊन आमच्यावर आकडे काढले आणि दहा वनरक्षकांना ओळीनं उभं करून आमचं वाटप केलं. मी ज्याच्या वाट्याला आले तो ओळीत सातवा होता. उंच, किडकिडीत, कान थोडे बाहेर आलेले. त्यानं मला घेतलं आणि आधी स्वतःच्या बुटांकडे बघितलं. मग खिडकीबाहेर. मग हसला. साहेब म्हणाले, "खेळणं नाही ते. हरवलीत तर तुमच्या डोक्यावर बसेल." तो म्हणाला, "गळ्यात राहील साहेब."

आणि मी त्याच्या गळ्यातच राहिले. नऊ वर्षं.

त्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं पुष्कळ आहे, पण ते सगळं सारखंच आहे. पहाटे उठायचं, चौकीवर जायचं, वायरलेसवर हजेरी द्यायची आणि चालायचं. पाणवठे बघायचे. पावलांचे ठसे मोजायचे. मी त्याला सांबरं दाखवली, रानकुत्री दाखवली, एकदा झाडाच्या ढोलीत झोपलेलं घुबड दाखवलं. वाघही दाखवले. घरी आला की तो जुन्या सुती कापडाच्या तुकड्यानं माझी भिंगं पुसायचा, मधून बाहेर, गोल गोल, घाई न करता. त्याची मुलगी बिट्टी तेव्हा लहान होती. तिला तो मला उलटं धरून बघायचा आणि म्हणायचा, "कुठं गेली बाबा आमची बिट्टी? ती बघा, मुंगीएवढी." ती खिदळायची. वहिनी, म्हणजे त्याची बायको, आतून म्हणायच्या, "आधी हात धुवा." त्याची आई दारातल्या खुर्चीवर बसलेली असायची. तिला आपण आजी म्हणू. आजींना मुलाचा अभिमान होता, पण तो त्यांनी त्याच्या तोंडावर कधी दाखवला नाही. त्या म्हणायच्या, "शाळेत बाकावर बसवत नव्हतं याला, आता दिवसभर रानात चालतो."

त्याच्याबरोबर फिरायला एक वयानं मोठे वनरक्षक होते. सगळे त्यांना दादा म्हणत. चेष्टेखोर माणूस. गेटावर आलेले पाहुणे विचारायचे, "वाघ साधारण किती वाजता येतो?" दादा घड्याळ बघून म्हणायचे, "आज त्याची साप्ताहिक सुट्टी आहे, पण निरोप धाडून बघतो." पाहुणे हसायचे. काही जण खरंच थांबायचे.

त्या जंगलात एक वाघीण होती. तिचा डावा कान टोकाला फाटलेला होता, म्हणून तिला सगळे तुटकी म्हणत. ती जीपना बुजत नसे. रस्त्याच्या मधोमध चालायची, तळ्यात बसायची, आळोखेपिळोखे द्यायची. लांबलांबून लोक तिला बघायला येत. तिचे फोटो कॅलेंडरवर असत, कपांवर असत, गेटाबाहेरच्या दुकानात टोप्यांवर असत.

एका उन्हाळ्यात तिला पिल्लं झाली. दोन की तीन, हे कोणाला कळत नव्हतं. कचेरीतून रोज वायरलेसवर विचारणा व्हायची.

ती सकाळ अशी होती. साडेसहाला दादा आणि तो चौकीवरून निघाले. सातच्या सुमाराला ओल्या मातीत पिल्लांचे ठसे दिसले, ताजे. ठसे उंच गवतात गेले होते. नियम असा आहे की पिल्लं असताना गवतात पायी जायचं नाही, जायचंच तर दोघांनी जायचं. दादांचा गुडघा त्या आठवड्यात सुजला होता. त्यांनी वायरलेसवर चौकीला कळवलं, "ठसे सापडलेत. त्याला पिल्लं मोजायला पाठवतोय." आणि त्याला म्हणाले, "तू जा. त्या उंचवट्यावरून बघ आणि लगेच ये. मी इथं आहे."

तो गेला. उंचवट्यावर चढला, मला डोळ्यांना लावलं, चकती फिरवली. गवताच्या मोकळ्या जागेत पिल्लं होती. एक दुसऱ्याच्या शेपटीशी खेळत होतं. तिसरं झोपलं होतं. त्यानं नीट दोनदा मोजलं. मग मागे वळून, लांब उभ्या असलेल्या दादांना हात वर करून तीन बोटं दाखवली.

तेव्हा गवत हललं, पण ते त्याच्या उजव्या बाजूचं.

पुढचं मी बघितलं नाही. माझा पट्टा तुटला आणि मी बाजूला जाऊन पडले. भिंगं आभाळाकडे होती. आभाळ निळं होतं. त्यात एक घार फिरत होती. मी घार आठ पट मोठी करून दाखवत राहिले. बघायला कोणी नव्हतं.

दादा ओरडत, काठी आपटत आले. वाघीण पिल्लांना घेऊन निघून गेली. तिला त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं, तो फक्त पिल्लांच्या फार जवळ उभा होता. त्याला जीपपर्यंत आणायला दोन तास लागले. मला कोणीतरी उचलून खिशात टाकलं.

चार दिवसांनी चौकशी झाली. मी साहेबांच्या टेबलावर पडलेली होते, त्यामुळे मला ऐकू आलं. साहेब दादांना म्हणाले, "तुम्ही पाठवलं असं लिहिलं तर तुमची नोकरी गेली. तो स्वतःहून गेला असं लिहिलं तर कोणाचंच काही जात नाही. गेलेला माणूस तक्रार करायला येत नाही." दादांनी कागद पुढे ओढला. मग त्यांनी सही केली. अहवालात लिहिलं गेलं की वनरक्षक नियम मोडून, स्वतःच्या मर्जीनं गवतात शिरले.

जंगलाच्या गेटाजवळ एक फलक आहे. कामावर असताना जीव गमावलेल्यांची नावं त्यावर रंगवलेली आहेत. त्याचं नाव तिथं लागलं नाही. नियम मोडणारा माणूस कामावर होता असं म्हणता येत नाही, असं साहेबांनी समजावून सांगितलं. पडल्यामुळे माझा आतला एक काचेचा लोलक हलला होता आणि एकाचे दोन दिसत होते, म्हणून कारकुनानं मला निकामी ठरवलं. त्याचे कपडे, बूट, शिट्टी आणि मी, असं एका पिशवीत घालून वहिनींना दिलं.

वहिनींनी पिशवी घेतली, आतल्या वस्तू टेबलावर ओळीनं मांडल्या आणि बूट पुसायला बसल्या. रडल्या नाहीत. शेजारच्या बायका दाराशी उभ्या होत्या, त्यांना ते बरं वाटलं नाही. एक जण म्हणाली, "मोकळी हो गं, रडून घे." वहिनी म्हणाल्या, "हो." आणि दुसरा बूट घेतला.

दोन महिन्यांनी खात्यानं वहिनींना गाइडचं काम देऊ केलं. पाहुण्यांबरोबर जीपमध्ये बसायचं, जंगल दाखवायचं. आजींना वाटलं, ही नको म्हणेल. वहिनींनी होकार दिला. प्रशिक्षणाचा पहिला महिना त्यांना चौकीवर काढायला लागला. तिथं वायरलेसच्या जुन्या वह्या होत्या. एका दुपारी काम नव्हतं, तेव्हा त्यांनी त्या सकाळची वही काढली. पान उघडलं. सात वाजून दहा मिनिटं, दादांचा निरोप, ऑपरेटरच्या अक्षरात. एकास पिल्ले मोजण्यास पाठविले आहे. वहिनींनी ती ओळ वाचली, बोट ठेवून परत वाचली, वही मिटून जागेवर ठेवली आणि चहाचे कप विसळायला गेल्या.

मी त्यांच्या गळ्यात होते. त्यांचा श्वास जरासुद्धा बदलला नाही.

त्यांनी मला गावातल्या घड्याळवाल्याकडे नेलं होतं. त्यानं मला उघडून लोलक सरकवला. म्हणाला, "थोडं दोन-दोन दिसेल कडेला, पण काम चालेल." नवा पट्टा लावला. आणि मी पुन्हा जंगलात गेले, या वेळी पाहुण्यांना वाघ दाखवायला.

दादांनी त्या वर्षी वर्दी सोडली. गुडघ्याचं कारण सांगितलं. पण लांब काही गेले नाहीत, गेटावर जीप चालवायला लागले. गेटावरच्या यादीत वहिनींचं नाव आणि त्यांची जीप बहुतेक एकत्र यायची. त्या पुढच्या सीटवर, दादा शेजारी चाकावर, मागे पाहुणे. सहा वर्षं. दादांच्या विनोदांची संख्या कमी झाली. नंतर ते नुसते गाडी चालवायचे.

वहिनी चांगल्या गाइड झाल्या, हे मी सांगते म्हणून नाही, सगळे म्हणायचे. हरणाचा इशारा, वानराचं खोकल्यासारखं ओरडणं, गवतातली एक काडी उलट्या दिशेनं वाकलेली, यांतलं त्यांच्या नजरेतून काही सुटायचं नाही. त्या हात वर करायच्या, दादा गाडी थांबवायचे, आणि वहिनी एकाच सुरात म्हणायच्या, "उजवीकडे, बांबूच्या खाली. उभं राहू नका." तिथं तुटकी असायची. मागे गडबड उडायची. ज्यांच्याकडे कॅमेरा नसेल त्यांना, म्हणजे बहुतेक म्हाताऱ्यांना आणि मुलांना, वहिनी मला द्यायच्या. माझ्या डोळ्यांशी किती डोळे आले. घामट, चष्म्याचे, काजळ लावलेले, रडवेले. एक निवृत्त पोस्टमन होते, त्यांना वाघ दिसलाच नाही. तरी ते रिकाम्या तळ्याकडे वीस मिनिटं बघत बसले आणि परत देताना मला रुमालानं पुसून दिलं. एक जोडपं वाघासमोर भांडलं. एका माणसानं फोनवर नजर ठेवून पूर्ण वाघीण बघितली, डोळे एकदाही वर उचलले नाहीत.

एकदा एक बाई तुटकीकडे बघून म्हणाली, "किती गोड आहे नाही? मांडीवर घ्यावीशी वाटते." दादांचे हात चाकावर घट्ट झाले. वहिनी म्हणाल्या, "हो. आवाज हळू ठेवा."

घरी मात्र आजींच्या पचनी हे पडत नव्हतं. त्या एकदा जेवताना म्हणाल्या, "रोज त्या जनावराचं तोंड बघतेस आणि घरी येऊन जेवतेस कशी?"

"भूक लागते आई."

"तुझं काळीज कशाचं केलंय गं?"

वहिनींनी भाजी वाढली. त्या दिवशी भाजीत मीठ घालायचं राहिलं होतं. बिट्टीनं तोंड वाकडं केलं, आजींनी मीठ मागितलं. वहिनींनी आपली वाटी तशीच संपवली. त्यांना कळलं नव्हतं.

आजी रोज सकाळी मुलाच्या फोटोवरची धूळ पुसायच्या आणि त्याला रागवायच्या. शब्द ठरलेले असत. "कोणी सांगितलं होतं तुला गवतात जायला? सगळी दुनिया नियम पाळते, तुलाच काय झालं होतं?" पाहुणे आले तर त्यांनाही त्या खाली मान घालून सांगायच्या, "हुशार होता, पण हूड. आपल्या पायानं गेला." मुलगा गेल्याचं दुःख होतंच, पण तो मूर्खपणानं गेला याची त्यांना लाज वाटायची, आणि ती लाज त्या दुःखाच्या वर बसली होती. वहिनी शेजारच्या खोलीत बिट्टीची वेणी घालत हे ऐकायच्या. त्यांना ती वहीतली ओळ पाठ होती. त्या रबर लावायच्या, फीत बांधायच्या आणि दप्तर द्यायच्या.

सातव्या वर्षी आजी आजारी पडल्या, बऱ्या झाल्या आणि अंथरुणातून उठल्या त्या हे बोलतच. "मला ती वाघीण बघायची आहे."

"कशाला आई?"

"बघायची आहे. सगळं जग येऊन बघून जातं. माझंच काय पाप आहे?"

कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना वर्षातून एक दिवस जंगलात जाता येत असे. वहिनींनी अर्ज दिला. एका थंड सकाळी आजी शाल पांघरून जीपमध्ये मागे बसल्या, बिट्टी शेजारी. बिट्टी आता अकरा वर्षांची होती. पुढे वहिनी. चाकावर दादा. त्यांनी आजींना बघितलं आणि म्हणाले, "मावशी, मागे धक्के बसतील. पुढे बसता का?" आजी म्हणाल्या, "इथं बरी आहे. तू गाडी नीट हाक म्हणजे झालं."

दोन तास काही दिसलं नाही. बिट्टीनं मला घेऊन सगळ्या झाडांचे शेंडे बघितले. आजींनी घरून आणलेला चहा झाकणात ओतून सगळ्यांना दिला, दादांनाही. मग एका वळणावर वहिनींनी हात वर केला.

तुटकी तळ्याकाठी पडली होती. बिट्टीनं मला आजींच्या डोळ्यांना लावलं आणि चकती फिरवून दिली. मी वाघीण दाखवली. तिच्या बरगड्या दिसत होत्या. पाठीचा कणा वर आला होता. तोंड अर्धवट उघडं होतं आणि वरचा एक सुळा नव्हता. तिला माशा हाकलायचासुद्धा कंटाळा आला होता. आजींनी मला बराच वेळ खाली घेतलं नाही.

"म्हातारी झाली की ही," त्या म्हणाल्या. त्यांनी डोळे पुन्हा भिंगांना टेकवले. "मला वाटलं होतं, बघितल्यावर काहीतरी होईल. काहीच होत नाही." आणि मग नेहमीच्या सवयीनं, फोटोशी बोलावं तसं, हळू आवाजात, "कोणी सांगितलं होतं याला तिथं जायला?"

दादांनी गाडी बंद केली होती. ते समोर बघत म्हणाले, "मी सांगितलं होतं, मावशी."

मग त्यांनी चाकावरचे हात काढून मांडीवर ठेवले.

"गुडघा दुखत होता माझा. मी म्हटलं तू जा. तो जात नव्हता, म्हणाला दोघं जाऊ. मीच म्हटलं, पटकन बघून ये. मग कचेरीत मी खोटी सही केली. त्यानं नियम मोडला नाही. मी मोडायला लावला. पिल्लं मोजून त्यानं मला तीन बोटं दाखवली. तेवढंच."

आजींनी मला मांडीवर ठेवलं. त्यांनी आपला उजवा हात वर उचलला, तीन बोटं उघडून बघितली आणि मिटली.

वहिनी म्हणाल्या, "मला माहीत होतं दादा. वायरलेसच्या वहीत आहे."

दादा त्यांच्याकडे वळले. "केव्हापासून?"

"पहिल्या महिन्यापासून."

"सहा वर्षं माझ्या शेजारी बसलात. बोलला नाहीत?"

"तुम्हीही नाही बोललात."

आजींनी दादांकडे बघितलं नाही. त्या सुनेच्या पाठीकडे बघत होत्या. "मी रोज त्याला शिव्या घालत होते," त्या म्हणाल्या. "तू ऐकत होतीस."

"हो."

"मला का नाही सांगितलंस?"

वहिनींनी सीटवरचा जुना डाग नखानं खरवडला. "सुरुवात कुठून करायची ते कळलं नाही आई. आधी वाटलं उद्या सांगू. मग ते तसंच राहिलं. मला काही वाटतच नव्हतं. अजून नाही वाटत. तुम्हाला काय सांगणार होते?"

तुटकी उठली. तिनं पुढचे पाय ताणले, तळ्याला वळसा घातला आणि गवतात गेली. जाताना तिनं जीपकडे बघितलं नाही. बिट्टी तेवढी तिच्याकडे बघत होती. आजी म्हणाल्या, "गाडी घे परत. ऊन वाढलं."

त्यानंतर घरात एकोणीस दिवस आजी वहिनींशी बोलल्या नाहीत. ताट वाढायच्या, उचलायच्या, पण शब्द नाही. सकाळी फोटो पुसायच्या, तोही मुकाट्यानं. रागवायला आता कारण राहिलं नव्हतं आणि दुसरं काय बोलायचं ते त्यांना सुचत नसावं. दादा आणि वहिनी रोज साडेपाचला गेटावर भेटत होते, जीप काढत होते, वाघ दाखवत होते. सगळं पूर्वीसारखंच.

विसाव्या दिवशी आजींनी सकाळीच चपला घातल्या. "कचेरीत जायचं. दादालाही बोलाव."

कचेरीत साहेब नवे होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आजी, सहा-सात वर्षं झाली. आता कागद उकरून काय मिळणार? जाणारा तर गेला."

आजी म्हणाल्या, "तो गेला ते मला माहीत आहे. पण तो कसा गेला ते तुमच्या कागदात चुकीचं लिहिलंय. तेवढं नीट करा. मी बसते बाहेर."

आणि त्या बाहेरच्या बाकावर बसल्या. दुसऱ्या दिवशीही बसल्या. जेवणाचा डबा बरोबर. शिपाई त्यांच्यासाठी पंखा फिरवून ठेवायला लागला. दादांनी आपल्या हातानं जबाब लिहून दिला, चार पानं, सगळं. वही कुठल्या कपाटात आहे, कुठलं पान, किती वाजताची नोंद, हे वहिनींनी न अडखळता सांगितलं. वही सापडली. कागद वर गेले, खाली आले, पुन्हा वर गेले. चार महिने लागले. दादांचं नाव एका वर्षासाठी गेटाच्या यादीतून काढलं. ते किल्ली टेबलावर ठेवून गेले. आजींनी त्यांना माफ केलं की नाही, मला माहीत नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "उशिरा का होईना, बोलला."

मग एका सकाळी फलकाशी शिडी लागली. पेंटर आला, डबा उघडला, सुतळीनं रेघ आखली. वहिनी कामावर आल्या होत्या, मी गळ्यात होते. त्या फलकासमोर उभ्या राहिल्या. पेंटरनं कागदावरून बघून एकेक अक्षर काढलं. तेवढ्यात एक मोठं कुटुंब आलं. टोप्या, गॉगल, सगळे खुशीत. त्यांना गेटासमोर फोटो काढायचा होता. एक गृहस्थ पेंटरला म्हणाले, "शिडी जरा बाजूला घेता का? मधे येते आहे."

वहिनी म्हणाल्या, "थांबा जरा. नाव वाळायचंय."

त्या नेहमीच्याच सुरात म्हणाल्या होत्या, पण गृहस्थ थांबले.

पेंटरनं खाली उतरून विचारलं, "बाई, बरोबर आहे ना? बघून घ्या."

वहिनींनी वाचलं. "दुसरं अक्षर ऱ्हस्व आहे. तुम्ही दीर्घ काढलंय."

"एवढं कोण बघतं?"

"तो ऱ्हस्व लिहायचा."

पेंटरनं ते पुसून पुन्हा काढलं. वहिनींनी पुन्हा वाचलं, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत, ओठ हलवत. मग त्या बाजूच्या, रस्त्याखालून पाणी जाणाऱ्या मोरीच्या कठड्यावर बसल्या. त्यांच्या नावाचा पुकारा झाला. जीप तयार होती, पाहुणे चढले होते. वहिनींना उठता आलं नाही. त्यांनी प्रयत्न केला, पाय उचललेच नाहीत. सात वर्षांत त्यांची एकही फेरी चुकली नव्हती. ती चुकली. दुसरी गाइड गेली.

त्या रडल्या का, असं तुम्ही विचाराल. मी त्यांच्या छातीशी होते, मी खोटं सांगणार नाही. रडल्या नाहीत. त्यांचा श्वास मात्र वेगळा येत होता. मोठा, मग अडकलेला, मग पुन्हा मोठा. खूप दिवस बंद असलेलं दार ढकलल्यावर अडतं, तसा. उन्हं पार डोक्यावर आली तोवर त्या तिथंच होत्या. मग उठून फलकाजवळ गेल्या, रंग वाळला का ते बोट लावून बघितलं आणि घरी गेल्या. घरी आजी दाराशी होत्या. वहिनी म्हणाल्या, "लागलं आई." आजी म्हणाल्या, "हात धू. जेवायला बस." एवढंच.

माझं पुढचं आयुष्य थोडकं आहे. तुटकी पुढच्या उन्हाळ्यात गेली, म्हातारपणानं. पेपरात तिचा फोटो आला. खात्यानं गाइडना नव्या दुर्बिणी दिल्या, हलक्या, पाण्यात पडल्या तरी न बिघडणाऱ्या. वहिनींनी मला पुसलं, पेटीत ठेवलं, पेटी कपाटात वर ठेवली. तेव्हा हेतू चांगलाच होता. पण बंद पेटीत ओल साठते. आधी भिंगाच्या कडेला एक बारीक धागा आला, जाळ्यासारखा. मग तो पसरला. आता डाव्या बाजूनं धुकं दिसतं. बिट्टी शिकायला बाहेर गेली आहे, वहिनी अजून गेटावर जातात, दादा परत जीप चालवतात. मला कोणी टाकून दिलेलं नाही. विसरलं आहे एवढंच.

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखी कोणी असेल तर तिला बंद करून ठेवू नका. महिन्यातून एकदा उघडा, वाऱ्यावर ठेवा, मऊ कापडानं पुसा. मधून बाहेर, गोल गोल. फार वेळ लागत नाही.

आणि वाघ बघायला जा. जरूर जा. गाडीत शांत बसा, उभं राहू नका, पिल्लं असतील तर जवळ नेण्याचा हट्ट धरू नका. दिसला तर दिसला. पण आत शिरण्याआधी गेटाजवळ एक फलक असतो. बहुतेक लोक त्याच्याकडे पाठ करून फोटो काढतात. तुम्ही तोंड करून उभे राहा आणि नावं वाचा. फार नसतात. दोन मिनिटं लागतात.